एकदा काळे, एकदा गिच्च: हिवाळ्यातले रोस्ट बटाटे कुठे बिनसतात

रेसिपी तीच, ओव्हन तोच, ट्रेसुद्धा तोच. तरी एका रविवारी रोझमेरी-लसणाच्या बटाट्यांच्या कडा अर्ध्या वेळातच काळ्या पडतात आणि फोडी आतून दडस राहतात. पुढच्या रविवारी तासभर भाजूनही त्या फिक्या, ओलसर, काटा टोचला की गिच्च. थंडीच्या दिवसांत ही तक्रार हमखास ऐकू येते आणि त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात: तापमान वाढवा, तापमान कमी करा, तेल सढळ घाला, वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरा. यातला प्रत्येक सल्ला एका पिशवीला लागू पडतो आणि दुसरीची वाट लावतो. डिसेंबर-जानेवारीत मंडईत दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे बटाटे शेजारी शेजारी विकायला असतात आणि आपण गाळ्यावर जाऊन नुसतं ‘दोन किलो बटाटे द्या’ म्हणतो. गोंधळ तिथे सुरू होतो. म्हणून ओव्हनचं बटण फिरवायच्या आधी हातात कोणता बटाटा आहे ते बघायचं.

जुना की नवा

आधी जुना. उत्तर भारतातलं बटाट्याचं मुख्य पीक साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतं आणि त्यातला मोठा भाग शीतगृहात जातो. आग्रा हे त्याचं मोठं केंद्र. पुण्या-मुंबईत ‘आग्रा’ म्हणून मिळणारा वर्षअखेरीचा माल बहुतेक असाच महिनोन्‌महिने थंडीत राहिलेला असतो. कोंब फुटू नयेत म्हणून शीतगृहात २ ते ४ अंश सेल्सियस तापमान ठेवतात. पण बटाटा हा जिवंत कंद आहे. एवढ्या थंडीत तो आपल्यातल्या स्टार्चची साखर करू लागतो. रस्सा भाजीत ती गोडसर चव तिखटामिठात लपून जाते. ओव्हनमध्ये मात्र ही साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांना भेटते आणि रंग झपाट्याने गडद होतो. आतला गर शिजेपर्यंत बाहेरची कड कडू झालेली असते. वेफर्सवाले याला फार घाबरतात. त्यांच्यासाठीचा माल १० ते १२ अंशांवर, कोंब रोखणारं औषध वापरून वेगळा साठवला जातो, कारण काळपट वेफर कोणी विकत घेत नाही.

आता नवा. नोव्हेंबरपासून पंजाब, उत्तर प्रदेश भागातला लवकर काढलेला बटाटा यायला लागतो. त्याची साल इतकी कोवळी असते की अंगठ्याने घासली तरी निघते. लवकर तयार होणाऱ्या जातींमध्ये कुफ्री पुखराज फार लोकप्रिय आहे: पिवळसर, देखणा, भरघोस उत्पन्न देणारा, पण घन अंश कमी आणि पाणी जास्त. (नावातलं कुफ्री म्हणजे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्यात आहे आणि तिच्या जातींच्या नावांना हाच उपसर्ग असतो.) असा बटाटा शिजवला की फोडी गुळगुळीत, अखंड राहतात. काचऱ्यांना, दम आलूला उत्तम. भाजताना मात्र त्याच्या पृष्ठभागावर तो खडबडीत, पिठूळ थर तयारच होत नाही आणि कुरकुरीतपणा येतो तो त्याच थरातून.

पुणेकरांना तिसरी शक्यता आहे. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आणि खेड भागात पावसाळी बटाटा घेतात, तो सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. बराचसा वेफर्सच्या कंपन्यांकडे जातो, पण शीतगृहाचं तोंड न पाहिलेला असा स्थानिक बटाटा मंडईत दिसला तर किलोमागे चार पैसे जास्त देऊनही घ्यावा असं माझं मत आहे. गाळेवाल्याला ‘कोल्ड स्टोरेजचा आहे का?’ असं सरळ विचारा. बहुतेक जण खरं सांगतात. वडापाववाले रोज हाच प्रश्न विचारत असतात.

घरी आणल्यावर ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली अंगठ्याची: साल घासून निघाली तर नवा.

दुसरी मिठाच्या पाण्याची. पाव वाटी बारीक मीठ पावणेतीन वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि उभट भांड्यात त्यात एक छोटा बटाटा सोडा. तळाशी बसला तर स्टार्च भरपूर, भाजायला चांगला. तरंगला तर पाणीदार. हे प्रमाण मोजूनच घ्या, नुसत्या अंदाजाने घातलेल्या मिठाने काहीही निष्कर्ष निघतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक पातळ चकती कापून धुवा, कोरडी करा आणि नेहमीच्या तेलात तळा. कुरकुरीत व्हायच्या आधीच ती तपकिरी झाली तर बटाट्यात साखर झाली आहे. फिकट सोनेरी राहून कुरकुरीत झाली तर निर्धास्त राहा. या चकतीला दोन मिनिटं लागतात आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं.

एक नियम मात्र दोन्हींना सारखा: कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. घरचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ते घरगुती शीतगृहच झालं. चांगला स्थानिक बटाटा आणायचा आणि भाजीच्या कप्प्यात आठवडाभर ठेवून त्याची साखर करायची, हे अनेक घरांत चालतं.

चकती काळी झाली तर

घाई नसेल तर बटाटे गोणपाटात किंवा कागदी पिशवीत घालून, अंधाऱ्या हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेवा. १५ ते २० अंशांत बटाटा त्यातली काही साखर परत स्टार्चमध्ये बदलतो, काही श्वसनात खर्च करतो. पुण्या-नाशकात डिसेंबरात स्वयंपाकघराचा थंड कोपरा साधारण याच तापमानाला असतो, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. सगळी साखर जात नाही आणि फार जुना माल फारसा सुधारतही नाही. अधूनमधून चकती तळून बघा. कोंब यायला लागले की थांबा आणि हिरवट झालेला भाग खोल कापून टाका, फार हिरवा असेल तर बटाटाच टाका.

आजच करायचे असतील तर पद्धत बदला. फोडी जरा लहान करा, साधारण तीन सेंटिमीटरच्या. भरपूर पाण्यात, नेहमीपेक्षा जास्त, जवळजवळ पूर्ण शिजेपर्यंत उकडा आणि ते पाणी फेकून द्या. वरच्या थरातली बरीच साखर त्या पाण्याबरोबर जाते. गर आधीच शिजलेला असल्यामुळे ओव्हनला फक्त वरचा थर कोरडा करायचं काम उरतं, ते १८० ते १९० अंशांवर सावकाश होऊ द्या. वेळ जास्त लागेल, पण रंग हातात राहील. उकडताना पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती हल्ली सगळीकडे सांगितली जाते. इथे ती अजिबात वापरू नका. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पृष्ठभाग आणखी लवकर तपकिरी होतो, म्हणजे आगीत तेल.

हा काळेपणा नुसता दिसण्या-चवीचा प्रश्न नाही. ॲस्परजिन नावाचं अमिनो आम्ल बटाट्यात भरपूर असतं. त्याची साखरेशी उच्च तापमानाला गाठ पडली की ॲक्रिलामाइड तयार होतं, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवू शकेल असा संशय असलेलं रसायन. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असतं हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि तेव्हापासून अन्नसुरक्षेचं काम करणारे ‘सोनेरी करा, तपकिरी नको’ एवढाच सल्ला देत आले आहेत. घाबरून पदार्थ सोडायचं कारण नाही. पण करपलेल्या कडा ‘खरपूस आहेत’ म्हणून मुलांच्या ताटात वाढू नयेत.

बटाटा तरंगला तर

पाणीदार नव्या बटाट्यासाठी सगळं उलटं करायचं. इथे सोडा कामाचा आहे: दोन लिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा, सोबत सढळ मीठ. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन अल्कधर्मी पाण्यात लवकर सुटतं, फोडींच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि गुळगुळीत बटाट्यालाही थोडा चिकट, पिठाळ लेप येतो. अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर साबणाची चव येते. इथे ओव्हन २२० अंशांच्या आसपासच ठेवा, कमी नको.

इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर त्याचाही हिशोब करा. कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं, त्यामुळे जड पाण्यात फोडी वेळ झाली तरी कडक राहतात. डाळ न शिजण्याचा अनुभव असलेल्यांना हे सांगायला नको. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरलं की फरक दिसतो. आणि पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. आम्लामुळे पेक्टिन टिकून राहतं. लिंबू पिळायचंच तर ताटात.

मात्र अगदी लहान, कोवळे, सालीसकट गोल बटाटे मिळाले असतील तर मी फोडींच्या नादाला लागतच नाही. ते सालीसकट उकडावेत, पाणी काढून टाकावं, ट्रेवर ठेवून वाटीच्या बुडाने हलक्या हाताने चेपावेत. साल फाटते, गर बाजूंनी बाहेर येतो, सगळीकडे खाचाखोचा तयार होतात. त्यावर तूप सोडून भाजले की पातळ कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. पाणीदार बटाट्यातून वाफ बाहेर पडायला जागा मिळते, सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. फार जोरात चेपलेत तर तुकडे होतात, ते तुकडेही वाईट लागत नाहीत.

पाणी घालवा, मग भाजा

बटाटा योग्य निघाला तरी पदार्थ बिघडण्याची मोठी जागा अजून शिल्लक आहे, ती म्हणजे उकडणं संपल्यापासून ट्रे आत जाईपर्यंतची दहा मिनिटं. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि वास १४० अंशांच्या पुढे जोर धरतो. म्हणजे ओल्या फोडी आत ढकलल्या की पहिला बराच वेळ ओव्हन फक्त पाणी आटवत बसतो आणि तोपर्यंत आतला गर जास्त शिजून बसतो.

उकडायला कुकर नको. आपला हात सवयीने कुकरकडे जातो, पण दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर तापतं, बाहेरचा थर गळून जातो आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. पातेल्यात गार पाण्यापासून सुरुवात करा, म्हणजे फोड आतबाहेर सारखी तापते. चार सेंटिमीटरच्या फोडींना उकळी आल्यावर आठ ते दहा मिनिटं पुरतात. सुरी आत जायला हवी, कडा जरा ढासळायला हव्यात, पण फोड उचलली तर तुटायला नको. मग चाळणीत ओता आणि सोडून द्या. पाच मिनिटं, सात मिनिटं, वाफ येणं जवळजवळ थांबेपर्यंत. ती वाफ म्हणजे फुकटात निघून जाणारं पाणी आहे, तिच्यावर झाकण ठेवू नका. फोडी पांढुरक्या, कोरड्या दिसू लागल्या की परत पातेल्यात घालून, झाकण धरून तीन-चार हिसके द्या. बाजू खरवडल्यासारख्या झाल्या पाहिजेत. फार सोज्वळपणे हलवलंत तर फोडी सुबक दिसतील आणि भाजल्यावर चिवट लागतील.

सालीवरून नेहमी वाद होतो. जुन्या बटाट्याची जाड साल या पदार्थात चामट होते, काढा. नव्याची राहू द्या.

ट्रेमध्ये कांदा, सिमला मिरची, टोमॅटो एकत्र टाकण्याचा मोह टाळा. एकाच ट्रेमध्ये सगळं जेवण ही कल्पना छान आहे, पण त्या भाज्यांचं सुटलेलं पाणी बटाट्यांच्याच वाट्याला येतं. हव्याच असतील तर वेगळ्या ट्रेमध्ये.

ओटीजीच्या खोड्या

घरगुती ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन) बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक असणं अगदी सामान्य आहे. ओव्हनचा थर्मामीटर नसेल तर साखरेने तपासता येतं, कारण साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घेऊन, पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये बटण १७५ वर ठेवून पंधरा मिनिटं ठेवा. ती तशीच राहायला हवी. वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो. मग दुसऱ्या वाटीने १९० वर करा, आता वितळायला हवी. नाहीच वितळली तर तो कमी तापतो आणि पाककृतीतला आकडा तुम्हाला वाढवून घ्यावा लागेल.

संध्याकाळी विजेचा दाब कमी होत असेल तर तेही लक्षात घ्या. हिटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०७ मिळाले, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला, तर १५०० वॉटचा ओव्हन जेमतेम १२१५ वॉट देतो. दार उघडल्यावर मग तो पुन्हा तापायला फार वेळ घेतो. अशा ठिकाणी सकाळी किंवा दुपारी भाजा, किंवा निदान प्रीहीटला दहा मिनिटं जास्त द्या.

तीस लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये पाऊण किलोपेक्षा जास्त बटाटे घालू नका. फोडी एकमेकींना चिकटल्या की मधली वाफ कोंडते. पाहुणे जास्त असतील तर दोन घाण्यांत करा. दोन ट्रे एकावर एक ठेवलेत तर दोन्ही बिघडतात. छोट्या बंद ओव्हनमध्ये वाफ साचतेच, म्हणून साधारण पंधराव्या मिनिटाला दार दोन-तीन सेकंद उघडून ती जाऊ द्या. चष्मा असेल तर काढून ठेवा.

रिकामा ट्रे आधी तापवून त्यावर तूप किंवा तेल घाला, ते तापू द्या, मग फोडी कापलेली बाजू खाली ठेवून मांडा. पडताना चुर्र आवाज यायला हवा. ट्रेला चिकटण्याची तक्रार असेल तर बहुतेक वेळा ट्रे गार असतो किंवा फोडी घाईने उलटलेल्या असतात. वीस मिनिटं हातच लावू नका. खालचा थर कडक झाला की फोड स्वतःहून सुटते. उलथणं घालून खरवडावं लागत असेल तर अजून वेळ आहे.

इंग्लंडात रविवारच्या रोस्टसोबतचे बटाटे हंसाच्या किंवा गोमांसाच्या चरबीत भाजण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे त्या जागी तूप उत्तम बसतं, कारण त्यातलं पाणी आणि दुधाचा घन अंश आधीच कढवून काढलेला असतो. लोण्यात ते दोन्ही असतात, म्हणून लोणी करपतं. तुपाची एक अडचण मात्र थंडीतच समजते. गार ताटात वाढल्यावर फोडींवरचं तूप थिजतं आणि टाळूला चिकटतं. म्हणून हिवाळ्यात मी अर्धं तूप, अर्धं शेंगदाण्याचं तेल घेते. पाऊण किलोला तीन मोठे चमचे पुरतात. तूप बरणीतून घट्ट काढून फोडींवर टाकू नका, आधी वितळवा, नाहीतर कुठे लोंदा आणि कुठे कोरडं.

हर्ब्ज काळे, कडू

बटाटे सुरेख आणि वर काळ्या काड्या, हा प्रकार सुरुवातीलाच सगळं एकत्र कालवण्यामुळे होतो. बहुतेक पाककृती तसंच सांगतात आणि मला ते कधी पटलं नाही. ४०-४५ मिनिटं २२० अंशांवर वाळलेला ओरेगॅनो टिकणं शक्य नाही, बारीक चिरलेला लसूण तर नाहीच. वास देणारी द्रव्यं तेलात चांगली विरघळतात, त्यामुळे पान ट्रेमध्ये जाण्याची गरजच नाही, त्याचा वास गेला म्हणजे झालं. हे काम फोडणीचंच आहे, फक्त आच मंद. भाजायला घेतलेल्या तूप-तेलातच सहा-सात पाकळ्या चिरलेला लसूण आणि चमचाभर रोझमेरी घाला. लसूण फिकट सोनेरी झाला की लगेच गाळा, कारण गरम तेलात तो गॅस बंद केल्यावरही भाजत राहतो. तेल फोडींना, गाळलेला लसूण आणि रोझमेरी बाजूला. भाजून झाल्यावर ते वरून घालायचं, मीठ-मिरपुडीसोबत. असं तेल आधी करून बाहेर ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. तेलात बुडालेल्या लसणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. लागेल तेवढंच करा, उरलं तर फ्रिजमध्ये आणि दोन-चार दिवसांत संपवा.

ताजी रोझमेरी मिळत असेल तर उत्तमच, तिची पानं चिवट असतात आणि थोडी ट्रेमध्येही तग धरतात. वाळलेली असेल तर आधी खलबत्त्यात कुटा, नाहीतर दातात सुया येतात. पार्स्ली, बेसिल, कोथिंबीर, पुदिना ही मऊ पानं फक्त शेवटी, आच बंद झाल्यावर.

आणि थाइम मिळत नाही म्हणून अडून बसू नका. थाइमचा जो मुख्य वास, तो थायमॉलचा, आणि आपल्या ओव्यात तेच असतं. पाऊण किलोला पाव चमचा ओवा, हातावर चोळून, त्याच मंद तेलात. जास्त झाला तर पदार्थाला पोटदुखीच्या औषधाचा वास येतो. कुंडीत पानओवा असेल तर आणखी मजा. त्याच्या वासात कार्व्हाक्रॉल असतं, जे ओरेगॅनोतही प्रमुख आहे. फक्त त्याची पानं मांसल, पाण्याने भरलेली असतात. ट्रेवर टाकलीत तर ती वाफ सोडतात. चिरून, पुसून, तेलात सावकाश परता आणि गाळून घ्या. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतात, त्याही याच तेलात संपवता येतात.

मीठ उकडण्याच्या पाण्यात एकदा आणि भाजून झाल्यावर एकदा. मधल्या वेळात, म्हणजे फोडींना मीठ लावून ट्रे तासभर ओट्यावर ठेवलात, तर त्या पाणी सोडून बसतात.

ओव्हनमधून छान निघाले, ताटात मऊ पडले

हे बहुतेक हॉटपॉटमुळे होतं. गरम राहावेत म्हणून आपण पोळ्यांसारखे बटाटेही झाकणाच्या डब्यात भरतो आणि त्यांच्याच वाफेने पाच मिनिटांत सगळी मेहनत वाया जाते. फॉइलने झाकणंही तेच. पाहुणे उशिरा येणार असतील तर शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, ते आले की ट्रे पुन्हा आत. वाढताना उघड्या, तापवलेल्या ताटात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कुरकुरीतपणा पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीपेक्षा लवकर जातो, तिथे तर थेट ट्रेमधूनच वाढावं.

एअर फ्रायरमध्ये हेच सगळं लागू आहे, फक्त बास्केट अर्धीच भरा आणि २०० अंशांवर अठरा-वीस मिनिटांत एकदा हलवा. उकडण्याची पायरी वगळून कच्च्या फोडी टाकल्यात तर बाहेरून वाळलेले, सुरकुतलेले तुकडे मिळतात.

परदेशातल्या मंडळींचा प्रश्न थोडा सोपा आहे, कारण तिथे बटाटा जात बघून घेता येतो. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड, अमेरिकेत रसेट किंवा युकॉन गोल्ड घ्या. सॅलडसाठी म्हणून विकले जाणारे मेणचट बटाटे टाळा. ओव्हन पंख्याचा असेल तर तापमान वीस अंशांनी कमी धरा.

उरलेल्या बटाट्यांसाठी मायक्रोवेव्ह नको, त्यात ते रबरी होतात. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये बिघडतो, शिजलेला मात्र रात्रभर ठेवल्याने घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुंदर भाजला जातो. त्यामुळे उकडून, हिसके देऊन, गार करून आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी थेट भाजले तरी चालतं. पाहुण्यांच्या दिवशी मी हेच करते. ताटलीवर झाकण मात्र ठेवायचं नाही, पृष्ठभाग जितका सुकेल तितका बरा. भाजून उरलेल्यांसाठी लोखंडी तवा मध्यम आचेवर, तेल न घालता, सपाट बाजू खाली, दहा मिनिटं. सोबत टोमॅटोचं सार केलंत तर त्यात साखर-गूळ नेहमीपेक्षा कमी घाला, बटाट्याचा गोडवा पुरतो.